परदेशी प्रयोगशाळेशी सहकार्य : करारापूर्वी आपल्या गच्चीवरची मोजमापे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते गोव्यात किनाऱ्यालगत असलेल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रकल्प सहयोगी म्हणून काम करतात. प्रयोगशाळेच्या गच्चीवर दोन पावसाळ्यांपासून सौर मॉड्यूल (सौर पॅनेल) मांडलेली असून खारी हवा आणि दमटपणा यांचा त्यांच्यावर होणारा परिणाम नोंदवला जात आहे. आता विभागप्रमुखांनी परदेशातील एका मोठ्या ऊर्जा प्रयोगशाळेबरोबर संयुक्त संशोधनाचा प्रस्ताव तयार करण्यास सांगितले आहे. प्रश्नकर्त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. सामंजस्य करार आधी करावा की काम आधी सुरू करावे? आणि त्यांच्याकडची यंत्रसामग्री आपल्यापेक्षा कितीतरी पुढची असताना आपण केवळ आकडे पुरवणारे ठरणार नाही का?

सौर मॉड्यूलच्या टिकाऊपणावर मी बरीच वर्षे काम केले आहे. त्यातला मोठा काळ पश्चिम किनाऱ्यावर गेला आणि काही संयुक्त प्रकल्पांत दोन्ही बाजूंची कागदपत्रे हाताळण्याचीही वेळ आली. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा दुसरा प्रश्न खरा आहे आणि पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. आपण आकडे पुरवणारे ठरतो की बरोबरीचे भागीदार, हे कराराच्या भाषेवर फारसे अवलंबून नसते. समोरच्यांना स्वतःच्या आवारात जे मिळूच शकत नाही असे काही आपल्याकडे आहे का, आणि ते त्यांनी तपासले तरी टिकेल अशा स्वरूपात आहे का, यावर ते अवलंबून असते.

काही बाबी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. निधी कोणाकडून येणार आहे, तुमच्या संस्थेचे बौद्धिक संपदेचे नियम काय आहेत, तुमची नेमणूक वर्षावर्षाने वाढणारी आहे की प्रकल्पाच्या अखेरपर्यंतची, हे मला माहीत नाही आणि त्यानुसार उत्तराचे तपशील बदलतील. मोजमापे गच्चीऐवजी समुद्रात, म्हणजे तरंगते सौर संच किंवा लाटांची ऊर्जा अशा विषयावर असतील, तर भारताच्या सागरी क्षेत्रात परदेशी सहभागासाठी केंद्र सरकारच्या वेगळ्या परवानग्या लागतात आणि त्यांना वेळ लागतो. तुमच्या प्रश्नावरून काम गच्चीवरचेच दिसते, म्हणून पुढचे सर्व त्या गृहीतावर लिहितो.

प्रथम आपल्याकडे काय आहे ते पाहू. मॉड्यूलवर छापलेली क्षमता दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस या ठरावीक स्थितीत मोजलेली असते. टिकाऊपणाच्या प्रमाणित चाचणीत मॉड्यूल ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या कपाटात १००० तास ठेवतात. खाऱ्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते. दमट उष्णतेत विद्युत दाब देऊन गळती आणि तिच्यामुळे होणारी घट पाहण्याची चाचणीही वेगळी असते. या सर्व चाचण्या उपयुक्त आहेत, पण त्यांत एकेक ताण सुटा करून दिला जातो. गोव्याच्या किनाऱ्यावर हे ताण सुटे येत नाहीत. दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत काचेवर आणि चौकटीच्या सांध्यांत मीठ व लाल धूळ साचत राहते. जूनमध्ये पाऊस लागला की काच धुऊन निघते, पण चौकटीच्या खालच्या कडेला शेवाळ धरते आणि जोडणीच्या पेट्यांत ओल शिरते. मग चतुर्थीनंतर पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरचे कडक ऊन त्या ओलसर मॉड्यूलवर पडते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि बाकीचे आठ महिने खारा वारा, हा क्रम कपाटात उभा करता येत नाही.

अमेरिकेतील नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरी या नावाने जगभर ओळखली गेलेली प्रयोगशाळा कोलोरॅडोतील गोल्डन या गावी आहे. ते गाव समुद्रसपाटीपासून १७०० मीटरहून उंच असून तिथली हवा कोरडी आहे. १९७७ साली सौर ऊर्जा संशोधन संस्था म्हणून सुरू झालेल्या आणि १९९१ साली राष्ट्रीय प्रयोगशाळेचा दर्जा मिळालेल्या त्या संस्थेकडे अफाट उपकरणे आहेत, पण तिच्या आवारात मृगाचा पाऊस पडत नाही. म्हणून ‘आमच्याकडे काय आहे’ असे मनात आले की उत्तर गच्चीवरच आहे.

मात्र हवामान आहे म्हणजे माहिती आहे असे नव्हे. बहुतेक प्रस्ताव इथेच अडकतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सिलिकॉन मॉड्यूलची शक्ती वर्षाला किती घटते, यावर जॉर्डन आणि कर्ट्झ या संशोधकांचा सुमारे दोन हजार नोंदींवर आधारलेला आढावा प्रसिद्ध आहे. त्यातला मध्यक वर्षाला सुमारे अर्धा टक्का आणि सरासरी सुमारे ०.८ टक्के आहे. आता तुमच्या मोजमापाकडे पाहा. तुमच्या प्रकाशमापकाचे, म्हणजे पायरानोमीटरचे, कॅलिब्रेशन (प्रमाणित उपकरणाशी ताडून केलेली तपासणी) दोन वर्षांपूर्वीचे असेल आणि तेवढ्या काळात त्याची संवेदनशीलता एक-दोन टक्क्यांनी सरकली असेल, तर दोन वर्षांत झालेली एक टक्क्याची घट तुम्हाला दिसूच शकत नाही. उलट घट झालेली नसतानाही ती दिसू शकते. समोरच्या प्रयोगशाळेतला अनुभवी माणूस तुमचा आलेख पाहिल्यावर पहिला प्रश्न हाच विचारील, कारण त्याने असे आलेख पुष्कळ पाहिलेले असतात. त्या प्रश्नाचे लेखी उत्तर तयार असले की संवादाचा सूरच बदलतो.

त्या उत्तराची एक साखळी असते. सौर प्रारणाच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेच्या, मोजमापाचा जागतिक संदर्भ स्वित्झर्लंडमधील दावोसच्या प्रारण केंद्रात राखला जातो आणि तिथे दर पाच वर्षांनी निरनिराळ्या देशांची उपकरणे एकत्र आणून ताडून पाहिली जातात. भारतात हवामान खात्याचे पुण्यातील केंद्र आणि ग्वाल पहाडी येथील राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांच्याकडे या क्षेत्रातले अधिकृत काम चालते. तुमच्या गच्चीवरच्या उपकरणाचे प्रमाणपत्र कोणत्या उपकरणाशी तुलना करून दिले गेले, त्या उपकरणाची तुलना कशाशी झाली होती, आणि अशी पावले टाकत दावोसपर्यंत जाता येते का, हे एका पानावर लिहून काढा. साखळीतला एखादा दुवा सापडला नाही तर प्रस्ताव महिनाभर पुढे ढकला, पण उपकरण आधी कॅलिब्रेशनला पाठवा. एकाच वेळी सर्व उपकरणे मात्र पाठवू नका, एक मागे ठेवा, नाहीतर नोंदीत मोठे भगदाड पडते.

कॅलिब्रेशननंतर प्रश्न येतो तो रोजच्या काळजीचा. पायरानोमीटरच्या आत ओल शोषण्यासाठी सिलिका जेलचे दाणे असतात. कोरडे असताना निळे दिसणारे हे दाणे ओल धरली की गुलाबी होतात (नव्या प्रकारांत रंग वेगळे असतात, तुमच्या उपकरणाच्या पुस्तिकेत पाहून घ्या). कोरड्या प्रदेशात लिहिलेल्या पुस्तिकेत ते अनेक महिने चालतील असे सांगितलेले असते, पण आपल्याकडे पावसाळ्यात ते फार लवकर रंग बदलतात आणि तसेच राहिले तर काचेच्या घुमटाच्या आतल्या बाजूस बाष्प धरते. मी पावसाळ्यात दर आठवड्याला दाण्यांचा रंग पाहण्याची आणि सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी घुमट मऊ कापडाने पुसण्याची शिस्त ठेवत असे. पुसल्याची वेळ आणि पुसणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाई. ती वही माझ्या मते डेटालॉगरइतकीच, म्हणजे नोंदी आपोआप साठवणाऱ्या यंत्राइतकीच, महत्त्वाची आहे. पाहुण्या शास्त्रज्ञाला ती दाखवली की पुढचे अर्धे प्रश्न तो विचारत नाही.

दुसरा तपशील वेळेचा. आपली घड्याळे ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहेत आणि उपग्रहावरून काढलेली प्रारणाची माहिती बहुधा ग्रीनिच वेळेनुसार, तासातासाच्या सरासरीने मिळते. पूर्ण तासांच्या हिशेबाने जुळवणी केली की अर्धा तास शिल्लक राहतो. शक्तीचे आकडे आपल्या लॉगरचे आणि प्रकाशाचे आकडे उपग्रहाचे, असे दोन संच अर्ध्या तासाने सरकून एकमेकांवर बसले, तर मॉड्यूल दिवसाच्या एका भागात वाजवीपेक्षा कार्यक्षम आणि दुसऱ्या भागात निकृष्ट दिसू लागते, आणि मग त्या फरकाला तापमानाची किंवा धुळीची कारणे चिकटवली जातात. म्हणून प्रत्येक फायलीच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहा. वेळ कोणती, नोंद कालावधीच्या आरंभाची की अखेरची, आणि मूळ नोंदी किती सेकंदांच्या अंतराने घेतल्या. मूळ नोंदी मिटवून फक्त सरासरी ठेवू नका. पावसाळ्यात ढगांच्या कडेवरून उन्हाची तिरीप येते तेव्हा प्रकाश काही क्षण १००० वॅटच्या बराच वर जातो, आणि तासाच्या सरासरीत तो क्षण पूर्ण नाहीसा होतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण ज्या नोंदी खराब म्हणून गाळतो त्यांतच पुष्कळदा समोरच्यांना हवी असलेली माहिती असते. रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशनचा रोध कमी दाखवतो आणि सुरूच होत नाही. नऊ-साडेनऊच्या सुमारास काच वाळली की तो आपोआप चालू होतो. बहुतेक ठिकाणी हे तास ‘यंत्र बंद’ म्हणून विश्लेषणातून काढून टाकले जातात. वास्तविक ओली काच वीज वाहू लागते, चौकट आणि सेल यांच्यामध्ये सूक्ष्म गळती होते, काचेतले सोडियमचे आयन सेलकडे सरकतात आणि त्यातून शक्ती घटू शकते. हीच घट तपासण्यासाठी प्रयोगशाळेत मॉड्यूल दमट उष्णतेत ९६ तास विद्युत दाबाखाली ठेवतात. तुमच्या गच्चीवर ती स्थिती दर पावसाळ्यात आपोआप निर्माण होते. प्रत्येक मॉड्यूलची गळती, काच ओली होती की कोरडी याची नोंद आणि नंतर आलेली घट ही तिन्ही एकत्र ठेवलीत, तर मागणी घेऊन ते तुमच्याकडे येण्याची शक्यता बरीच वाढते, असे मला वाटते.

हे सारे व्यवस्थित झाले की सहकार्याची सुरुवात लहान कामाने करा, आणि ते काम म्हणजे आळीपाळीची तुलना. दोन-तीन मॉड्यूल आधी इथे मोजायची, त्यांना पाठवायची, त्यांनी मोजायची, आणि परत आल्यावर पुन्हा इथे मोजायची. शेवटचे मोजमाप खर्च वाचवण्यासाठी अनेकदा गाळले जाते, पण तेच नसेल तर फरक दोन प्रयोगशाळांतला आहे की प्रवासात मॉड्यूलला धक्का बसल्यामुळे आलेला आहे, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. यासाठी पाठवण्यापूर्वी आणि परत आल्यावर अंधारात मॉड्यूलमधून वीज सोडून त्याचे छायाचित्र घ्या. सेलला गेलेली तडा डोळ्यांना दिसत नाही, या छायाचित्रात मात्र ती काळ्या रेषेसारखी उमटते. मॉड्यूल तात्पुरते परदेशी जाऊन परत येणार आहे हे सीमाशुल्काच्या कागदांत आरंभीच लिहून घ्या. नाहीतर परत येताना आपल्याच मालावर शुल्काचा प्रश्न उभा राहतो आणि तो सोडवण्यात एक ऋतू निघून जातो.

ही समान मोजमापाची गोष्ट गोव्याला नवी नाही. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ च्या १ जानेवारीस स्थापन झाली, ती साठीच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. त्या मोहिमेत अनेक देशांची जहाजे होती आणि प्रत्येकाकडे स्वतःची जाळी होती. तरीही सूक्ष्म प्राणिप्लवकांचे नमुने घेण्यासाठी सर्वांना एकाच मापाचे प्रमाणित जाळे ठरवून दिले गेले, जेणेकरून एका जहाजाचा आकडा दुसऱ्याशी ताडता यावा. ते नमुने वेगळे करण्याचे काम युनेस्कोच्या साहाय्याने कोचीच्या केंद्रात झाले, आणि पुढे ते केंद्र दोनापावलच्या संस्थेचाच भाग झाले. जहाजे इतरांची अधिक असली तरी नमुने इथे आले, इथल्या लोकांनी ते ओळखायला शिकून घेतले, आणि त्या अभ्यासाचे नकाशेही इथूनच प्रसिद्ध झाले. नमुने कुठे राहतील, हे तुमच्या प्रस्तावात लिहिलेले असावे असे मला का वाटते, ते यावरून लक्षात येईल.

अलीकडची दोन उदाहरणेही पाहण्यासारखी आहेत. २०१२ साली भारत आणि अमेरिका यांनी सौर संशोधनासाठी जी संयुक्त संस्था उभी केली, तिचे नेतृत्व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि गोल्डनची प्रयोगशाळा यांच्याकडे मिळून होते, आणि निधी दोन्ही सरकारांनी दिला होता. आपल्या बाजूचा पैसा आपला असला की आपले प्रश्न प्रस्तावात टिकतात, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. दुसरे उदाहरण २०१७ चे. भारताच्या वीजजाळ्यात १०० गिगावॅट सौर आणि ६० गिगावॅट पवन वीज सामावून घेता येईल का, याचा अभ्यास गोल्डन आणि बर्कली येथील प्रयोगशाळांनी आपल्या राष्ट्रीय वीजजाळे संचालन कंपनीबरोबर केला. गणिती प्रतिमान चालवण्याची क्षमता त्यांच्याकडे होती, पण कोणते कोळसा संच प्रत्यक्षात किती खाली आणता येतात, राज्ये एकमेकांशी विजेची देवघेव कशी करतात, हे ज्ञान इथल्या संचालकांचे होते. कोळसा संचांची किमान पातळी ७० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर आणली तर वाया जाणारी सौर व पवन वीज ३.५ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर येते, हा त्या अभ्यासातला निष्कर्ष अशा एकत्र कामाशिवाय विश्वासार्ह झाला नसता.

आतापर्यंतचे थोडक्यात मांडतो. आपल्याकडची विशेष गोष्ट म्हणजे इथल्या ऋतूंचा क्रम. तिला किंमत येते ती कॅलिब्रेशन, रोजची वही आणि न गाळलेल्या नोंदी यांमुळे. आणि विश्वास बसतो तो दोन-तीन मॉड्यूलच्या आळीपाळीच्या तुलनेतून. सामंजस्य करार यानंतर करा. तो बहुधा बंधनकारक नसतो, त्यातून पैसा येत नाही आणि सहीच्या वेळची छायाचित्रे काढून झाली की बहुधा त्याकडे कोणी पाहत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये गोव्यात जी-२० ची ऊर्जामंत्र्यांची बैठक आणि स्वच्छ ऊर्जेची मंत्रिस्तरीय परिषद झाली. अशा व्यासपीठांवरून दिशा ठरते आणि दारे उघडतात, हे मी मनापासून मानतो. पण तुमच्या गच्चीवरचे काम त्यामुळे आपोआप पुढे सरकत नाही.

प्रत्यक्ष प्रकल्प करारात मात्र तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. मूळ नोंदींची एक पूर्ण प्रत कायम तुमच्या संस्थेकडे राहील. प्रयोगानंतर मॉड्यूल परत येतील, आणि त्यांतले काही कापून तपासायचे असेल तर आधी लेखी संमती घेतली जाईल. आणि मोजमापे करणाऱ्यांची नावे शोधनिबंधात कोणत्या निकषावर येतील, हे आधी ठरेल. शेवटची बाब प्रकल्प सहयोगींनी स्वतः मागायला संकोच वाटतो, म्हणून ती विभागप्रमुखांकडून मसुद्यात घालून घ्या. चांगल्या प्रयोगशाळा या अटीला सहसा हरकत घेत नाहीत.

भेटींबद्दल माझे एक ठाम मत आहे. आपला माणूस तिकडे पाठवण्यापूर्वी त्यांचा माणूस जुलैमध्ये इकडे बोलवा. ओल्या सकाळी बंद राहणारा इन्व्हर्टर त्याने स्वतः पाहिला की पुढची प्रश्नावली वेगळी तयार होते, आणि ती तुमच्याशी बोलून तयार होते. तुम्ही तिकडे जाल तेव्हा सर्व काही पाहून येण्याचा बेत ठेवू नका. एक कौशल्य निवडा, उदाहरणार्थ मोजमापातील अनिश्चिततेचा पूर्ण हिशेब मांडणे, आणि स्वतःचेच मॉड्यूल घेऊन ते तिथे शिका. भारत-फ्रान्स, भारत-जर्मनी आणि भारत-अमेरिका सहकार्यासाठी अनुक्रमे १९८७, २०१० आणि २००० साली स्थापन झालेली स्वतंत्र केंद्रे आहेत. प्रवास आणि संयुक्त प्रकल्प यांसाठी त्यांच्या योजना निघत असतात, त्या पाहत राहा. तुमची नेमणूक वर्षाची असेल तर लांब मुदतीच्या भेटीपेक्षा आळीपाळीच्या तुलनेची जबाबदारी स्वतःकडे मागून घ्या, कारण ती एका वर्षात पूर्ण होते आणि तिचा निबंध तुमच्या नावाने होऊ शकतो.

आता पहिले पत्र. ते दोन पानांहून मोठे नको आणि त्यात संस्थेचा इतिहास नको. गच्चीची जागा आणि समुद्रापासूनचे अंतर, मॉड्यूलचे प्रकार, नोंदी कधीपासून आहेत आणि त्यांत खंड कुठे पडला, कॅलिब्रेशनची साखळी, ओल्या सकाळच्या गळतीचा एक आलेख आणि एकच प्रश्न, जो त्यांच्या कपाटातल्या चाचणीने सुटत नाही पण दोघांनी मिळून सुटू शकतो. पत्र संचालकांच्या नावे न पाठवता, त्या विषयावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला विभागप्रमुखांच्या सहीने पाठवा. शक्यतो ते मार्चपूर्वी जाऊ द्या, म्हणजे उत्तर येऊन मॉड्यूलची पहिली मोजणी जूनच्या पावसाआधी पुरी होईल आणि येणारा पावसाळा तुलनेत धरता येईल.